चाळिशी कोणी ठरवली?

गेल्या कोजागरीच्या बैठकीत, दूध आटत असताना, आपल्या मंडळाच्या एका तरुण सभासदाने एक विधान केले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात माणसाचे सरासरी आयुर्मान वीस-बावीस वर्षांचे होते. त्या हिशेबाने अकराव्या वर्षी आयुष्य निम्मे सरत असे. तेव्हा आठव्या-नवव्या वर्षी मुलींची लग्ने लावणाऱ्या आपल्या पूर्वजांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, त्यांना घाईच होती. बोलणारा मुलगा हुशार, हेतूही वाईट नव्हता. भोवतीच्या दोघा-तिघा ज्येष्ठांनी माना डोलावल्या. माझी हयात शासकीय नोंदवह्या आणि आकडे यांत गेली, तरी मला त्या क्षणी नेमके उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. कारण त्या हिशेबात माझी पणजी कुठेच बसत नव्हती. तिच्याकडे शेवटी येतो.

आकडा खरा आहे, हे आधीच कबूल केले पाहिजे. जनगणनेच्या आधारे विमागणितज्ज्ञांनी तयार केलेल्या आयुष्यसारण्यांप्रमाणे १९०१ ते १९११ या दशकात जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान सुमारे २३ वर्षे होते आणि १९११ ते १९२१ या दशकात ते सुमारे २० वर्षांपर्यंत घसरले. स्वातंत्र्याच्या सुमारास ते ३२ च्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. प्रश्न आकड्याचा नाही, तो कशाचा आकडा आहे याचा आहे. जन्मवेळचे आयुर्मान काढताना पाळण्यात गेलेले मूल आणि काठी टेकीत गेलेले आजोबा यांची वर्षे एकाच राशीत ओतली जातात. ज्या काळात हजारातली दोनशेहून अधिक बालके पहिला वाढदिवस पाहत नसत, त्या काळात ही रास खालीच राहणार. इंग्लंडचा ज्योतिर्विद एडमंड हॅली याने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून जी सारणी केली, तिच्यात जन्मलेल्या १२३८ बालकांपैकी सतराव्या वर्षी ६१६ उरतात. म्हणजे निम्मी पिढी मिसरूड फुटण्याआधीच संपते. पण त्याच हॅलीने असेही दाखवले की तीस वर्षांच्या माणसाने आणखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे जगण्याची आशा धरायला हरकत नाही. ही दोन वाक्ये एकत्र वाचली म्हणजे सरासरीचे भूत उतरते.

तरीही उलट्या टोकाला जाऊ नये. ‘लहानपण निभावले की पूर्वीची माणसे आपल्यासारखीच ऐंशीपर्यंत जगत, खाणेपिणेच तसे होते’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तेही खरे नाही. १९०१ ते १९११ च्या सारणीप्रमाणे दहा वर्षांचा झालेला मुलगा सरासरीने आणखी तेहेतीस वर्षे जगे आणि वीस वर्षांचा तरुण आणखी सुमारे सत्तावीस. म्हणजे बाळपण उलटल्यावरही त्रेचाळीस-सत्तेचाळीस एवढीच मजल. प्लेग, पटकी, हिवताप, बाळंतपणे यांनी तरण्याताठ्या माणसांना सोडले नव्हते. आपल्या इंदूर शहराचेच उदाहरण घ्यायचे तर होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी पाचारण केले, त्यामागे प्लेग आणि हिवताप यांचीच धास्ती होती. त्यांनी दिवाळीची मिरवणूकच स्वच्छतेच्या कामी लावली होती, ही कथा जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. त्यांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. ते वर्ष लक्षात ठेवावे.

सरासरी कशी फसवते हे पाहण्यासाठी मी त्या रात्री होळकरांचेच घर मांडून पाहिले. मल्हारराव १६९३ ते १७६६, म्हणजे त्र्याहत्तर वर्षे. पुत्र खंडेराव १७२३ ते १७५४, सुमारे एकतीस. नातू मालेराव १७४५ ते १७६७, बावीस. सून अहिल्याबाई १७२५ ते १७९५, सत्तर. बेरीज १९६, सरासरी एकोणपन्नास. आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तर या चौघांतले कोणीच गेले नाही! खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले, तेव्हा हे उदाहरण रोगराईचे नव्हे हे मान्य; पण सरासरी ही अशी रिकामी खुर्ची असते, एवढे दाखवायला ते पुरे आहे.

या घरात आणखी एक गोष्ट दिसते. अहिल्याबाईंनी राज्यकारभार हाती घेतला तो १७६७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. तुकोजी होळकरांकडे फौजेची जबाबदारी आली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. तिकडे महादजी शिंदे यांनी शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत नेले ते चाळिशी ओलांडल्यावर, आणि वकील-इ-मुतलकचा अधिकार मिळवला १७८४ साली, पन्नाशी उलटल्यावर. त्या काळच्या माणसांना या वयात आयुष्य संपले असे वाटत नव्हते. ज्यांना जगायला मिळाले, ते या वयात कर्तेपणाला आले.

आपली भाषाही हेच सांगते. जवळचे अक्षर दिसेनासे झाले की लावायच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. चष्म्याला वयाचे नाव देणारी भाषा मध्यमवय कुठे सुरू होते हे पुरते जाणून आहे. सरासरी तेवीस असताना माणसाचे डोळे अकराव्या वर्षी अधू होत नव्हते. ज्याचे झाले त्याचे चाळिशीतच झाले. केस पिकणे, दात हलणे, जिन्यावर दम लागणे यांचेही तसेच. शरीराचे घड्याळ जनगणनेच्या अहवालावर चालत नाही.

आयुर्वेदाने तर वयाचे भाग आकड्यांत दिले आहेत. चरकसंहितेत तिसाव्या वर्षापर्यंत बाल्य धरले आहे. त्यातही सोळापर्यंत धातू अपक्व आणि पुढे वाढते. तीस ते साठ हे मध्यवय, आणि साठच्या पुढे जीर्णावस्था. सुश्रुताने मध्यवय सोळापासून थेट सत्तरपर्यंत ताणले आहे. पण त्याच्या पोटात वाढ, तारुण्य आणि पूर्णता असे टप्पे चाळीसपर्यंत सांगून, चाळीसनंतर सत्तरपर्यंत किंचित उतार असे म्हटले आहे. दोन वैद्यांत दहा-चौदा वर्षांचा फरक पडावा याची मला गंमत वाटते, पण दोघांनीही सरासरी काढली नव्हती एवढे निश्चित. त्यांनी पाहिले ते समोर बसलेल्या रोग्याकडे. मनुस्मृती तर आणखी व्यवहारी आहे. आयुष्याचे चार भाग करून पहिला गुरुगृही व दुसरा घरात घालवावा असे ती एके ठिकाणी म्हणते खरे. पण घर सोडून वनात केव्हा जावे हे सांगताना आकडा देत नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातू दिसला की निघावे, असा तिचा दाखला आहे. पंचवीस-पंचवीस वर्षांची जी चौकट आपण शाळेत पाठ केली, तिच्यापेक्षा हा दाखला मला अधिक प्रामाणिक वाटतो. फक्त त्यात एक मेख आहे. सुरकुती आणि केस हे शरीराचे, पण नातू हा रूढीचा. लग्न लवकर लावले की नातूही लवकर दिसतो.

वयाचा अंदाज बांधणे केवळ वैद्य आणि शास्त्री यांचे काम नव्हते. पैसे मोजणाऱ्यांनाही तो बांधावा लागे. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या माळव्याच्या परिसरात घडले. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, महूला इंग्रजांची छावणी पडली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन मालकम यांच्या स्वाधीन होण्याचे कबूल केले. मालकम यांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपये तनखा देऊ केला. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांना ही रक्कम फार वाटली. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या घराण्याची यादी कोणी समोर ठेवली असती तर काय दिसले असते? आजोबा पहिले बाजीराव चाळिशीच्या उंबरठ्यावर गेले. चुलते नानासाहेब चाळिसाव्या वर्षी. वडील रघुनाथराव एकोणपन्नासाव्या. चुलतभाऊ माधवराव सत्ताविसाव्या. सवाई माधवराव एकविसाव्या, तेही गॅलरीतून पडून. या हिशेबाने त्रेचाळीस वर्षांचा पेशवा मध्यमवयीन नव्हे, जवळजवळ शेवटच्या मुक्कामाला आलेला. पण बाजीराव बिठूरला गंगाकाठी राहिला, स्नानसंध्या करीत राहिला, लग्ने करीत राहिला, १८२७ मध्ये दत्तक घेतला, आणि २८ जानेवारी १८५१ रोजी, शहात्तराव्या वर्षी वारला. साडेबत्तीस वर्षांत कंपनीच्या तिजोरीतून अडीच कोटींहून अधिक रुपये गेले. त्याच्याहून सहा वर्षांनी वडील असलेले मालकम १८३३ मध्येच निवर्तले होते. पुढे डलहौसीने दत्तक पुत्र नानासाहेबाचा तनखा नाकारला आणि त्याचे काय झाले ते १८५७ ने दाखवले. निवृत्तिवेतनाच्या कोणाही अधिकाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावे असे मला नोकरीत असताना नेहमी वाटे.

निवृत्तीचे वय ठरवण्यातही शरीरापेक्षा तिजोरीचाच वाटा मोठा. जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८९ साली, वृद्धांसाठी वेतनाचा कायदा झाला तेव्हा वय सत्तर ठरले होते; लोक पासष्ट सांगतात, पण पासष्ट झाले ते १९१६ मध्ये. ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी नोकराची वयोमर्यादा पंचावन्न होती, आणि हे त्या दशकांत, जेव्हा जन्मवेळचे आयुर्मान वीस-तेवीस होते! सरकारला आपले नोकर वीस वर्षांत मरतील असे वाटत असते तर पंचावन्नचा नियम लिहिण्याचे कारणच नव्हते. त्याला ठाऊक होते की कचेरीत रुजू होणारा माणूस पाळण्यातले मरण मागे टाकून आलेला असतो, आणि पन्नाशीला पोहोचलेला आणखी चौदा वर्षे काढू शकतो. केंद्रात पंचावन्नचे अठ्ठावन्न झाले १९६२ मध्ये, साठ झाले १९९८ मध्ये. आमच्या मध्य प्रदेशात २०१८ साली साठचे बासष्ट झाले. माझी साठी वर्षभरावर आली होती. घरात समारंभाची चर्चा सुरू झाली होती. एका आदेशाने माझे उतारवय दोन वर्षे पुढे ढकलले गेले. त्या रात्री गुडघे मात्र पूर्वीसारखेच दुखत होते.

आणि ती साठीही कागदावरचीच. माझी जन्मतारीख सेवापुस्तिकेत १ जुलै १९५९ अशी आहे. वडिलांच्या टिपणवहीप्रमाणे मी मार्गशीर्षातला. शाळेचे वर्ष १ जुलैला सुरू होई. नाव घालायला गेलेल्या काकांना तिथी आठवेना, तेव्हा गुरुजींनी सोईची तारीख टाकली. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीतले निम्मे लोक याच न्यायाने १ जूनला जन्मले आहेत. तेव्हा ३० जूनला मी निवृत्त झालो तो गुरुजींच्या सोईने. १ जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकली, हा आमच्यासारख्यांचा जुना सल; त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०२३ मध्ये आला.

जनगणनेच्या कामावर मी १९९१ आणि २००१ अशा दोन्ही वेळा होतो. वयाचा रकाना भरताना प्रगणकांची जी तारांबळ होई ती पाहिल्यावर कोणत्याही वयसारणीकडे मी जरा सांभाळूनच पाहतो. खेड्यात म्हातारीला वय विचारले की ती सुनेकडे पाही आणि सून म्हणे, “लिख लो साब, साठ।” शेजारच्या घरात पुन्हा साठ. चाळीस, पन्नास, साठ यांचे ढीग, आणि एकेचाळीस, एकोणसाठ यांची ओसाडी. इंग्रजी अमदानीतल्या पहिल्या जनगणनांपासून हे असेच आहे. आयुष्यसारणी करणाऱ्या गणितज्ज्ञांची बरीचशी मेहनत हे ढीग सपाट करण्यातच जाई.

आपल्या जुन्या घराण्यांची कुलवृत्तांते आणि वंशावळी याच्या नेमकी उलट चूक करतात. आमच्या घरच्या वंशावळीत पाच पिढ्यांची नावे आहेत, आणि पाहावे तो जो तो साठी-सत्तरी गाठलेला. ते वाचून धन्य वाटते. पण त्यात बारशाआधी गेलेले एकही मूल नाही. पणजीला नऊ मुले झाली असे ती स्वतः सांगे. वंशावळीत चार आहेत, आणि चारही मुलगे. मुलींची नावे सासरच्या वंशावळीत शोधावी लागतात, तिथेही सापडली तर ती बदललेली. सरकारी सारणीत पाचही गेलेली बाळे मोजली जातात, म्हणून तिचा आकडा तेवीस. आमच्या वंशावळीत ती नाहीतच, म्हणून आमचा आकडा सत्तर. खरे माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जगले.

आता त्या मुलाच्या लग्नाच्या मुद्द्याकडे. लग्नाचे वय आयुर्मानाच्या हिशेबाने ठरत असते तर आयुर्मान घसरले तसे ते खाली यायला हवे होते. घडले उलट. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहप्रतिबंधाचा कायदा केला; मुलीचे वय बारा, मुलाचे सोळा. पुढच्या दोन दशकांत, प्लेग आणि इन्फ्लुएन्झाने आयुर्मान तळाला गेले असताना, तो कायदा कोणी मागे घेतला नाही. सारडा कायदा १९२९ चा. त्यात मुलीचे वय चौदा झाले. तेव्हाही सरासरी पंचवीस-सत्तावीसच्या आसपासच होती. माणसे लवकर मरत म्हणून लग्ने लवकर होत, हे कारण नंतर सुचलेले आहे. ज्यांची लग्ने झाली त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

आमच्या पणजीला घरात सगळे जिजी म्हणत. तिचे जन्मवर्ष कुठेच नोंदलेले नाही. माळव्यात जुन्या पिढीचे वय ‘छप्पन्नच्या काळा’वरून मोजत, संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ. जिजी सांगे की छप्पन्नच्या आदल्या वर्षी तिचे लग्न झाले, तेव्हा पुढचे दात नवे आले होते पण दाढा यायच्या होत्या. म्हणजे जन्म १८८८-८९ चा धरावा. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा उतरला. पावसाळा संपता संपता त्याची दुसरी लाट देशभर पसरली. त्या साथीचे विशेष असे की तिने पोरे आणि म्हातारे यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, वीस ते चाळीस वयाच्या माणसांना नेले. मेलेल्यांचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. तसे पुन्हा कधी झाले नाही. त्या आश्विनात माझे पणजोबा तीन दिवसांच्या तापाने गेले. दरबारच्या खासगी खात्यात कारकून होते, वय पस्तीस.

जिजी तिशीची होती. तिचे केस काढले, लाल आलवण अंगावर आले, आणि त्या दिवसापासून घरातले आणि गल्लीतले तिला म्हातारी समजू लागले. सण तिच्याविना, हळदीकुंकू तिच्याविना. स्वयंपाक मात्र तिच्याकडे. तीन-चार वर्षांत थोरल्या मुलाचे लग्न झाले आणि ती सासू झाली, मग आजी झाली. चरकाच्या हिशेबाने तिचे मध्यवय तेव्हा नुकते सुरू होत होते. अहिल्याबाई विधवा झाल्या त्याही एकोणतीस वर्षांच्या होत्या, जवळजवळ जिजीच्याच वयाच्या. पण तिथे मल्हाररावांसारखा सासरा होता; त्याने सुनेला तोफखान्याच्या हालचालींच्या सूचना पत्रांतून धाडल्या, वसुलाचे हिशेब पाहायला लावले, आणि पुढची चाळीस वर्षे त्या वयाला काम मिळाले. आमच्या घरात तोफखाना नव्हता. पण पणजोबांच्या मागे त्यांच्या धाकट्या भावाची पेढी होती, आणि जिजीला मोडी येत होती. हे मला तिच्या मृत्यूनंतर कळले. माजघरातल्या फडताळात रामरक्षेच्या पोथीखाली तिच्या हातची दूध आणि धुण्याच्या हिशेबाची वही सापडली. वळणदार मोडी, एकही खाडाखोड नाही. पेढीचे हिशेब त्याच वर्षांत पगारी मुनीम लिहीत होता आणि ते दोनदा बुडाले.

ती १९७१ च्या पौषात गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तिचा हात धरून तिला गणपतीच्या देवळात नेण्याचे काम माझ्याकडे होते. वाटेत ती पायऱ्या मोजी. छप्पन्नच्या हिशेबाने वय त्र्याऐंशीच्या पुढेमागे. म्हणजे म्हातारी ठरवल्यापासून ती त्रेपन्न वर्षे जगली. तिचे नाव कमी करण्यासाठी वडिलांबरोबर मी रेशनच्या कचेरीत गेलो होतो. कारकुनाने शिधापत्रिका उघडली. तिच्या नावापुढे वय ६० लिहिलेले होते. मागची पत्रिका वडिलांनी जपून ठेवली होती, ती अकरा वर्षांपूर्वीची. तिच्यातही ६० च होते.